मायेचा आकडा

त्या वर्षी मिरजेत कुणाच्या घरी गेलं की चहा यायच्या आत आकड्याचा विषय निघायचा. आमच्या शेजारच्या कांचनमावशींचा त्यांच्या सुकुमारसाठी एक्याऐंशी आला होता. सुकुमारनं तो मोबाइलवर स्वतःच्या फोटोखाली लावून ठेवला होता. लग्नाच्या बायोडेटात उंची आणि पगाराच्या शेजारी ‘आईचा आकडा सत्तरच्या वर’ असं यायला लागलं होतं. वाटणीच्या एका दाव्यात धाकट्या भावाच्या वकिलानं आईचा रिपोर्ट जोडला. न्यायाधीशांनी तो परत दिला, पण पेपरात बातमी आलीच.

यंत्र त्यासाठी केलेलं नव्हतं. रिपोर्टवर नाव असायचं ‘माता-अपत्य सहनशीलता निर्देशांक’. मुलाचा एखादा अवयव आईला बसवायचा झाला तर आईचं शरीर तो ठेवून घेईल की नाही, एवढंच ते सांगायचं. शून्य ते शंभर. लोकांनी त्याचा मायेचा आकडा केला.

माझ्या आईचा माझ्यासाठी चौदा आला.

“चौदा?” कांचनमावशी म्हणाल्या. “शंभरातले?”

“शंभरातले.”

“मशीन तापलं असणार. दुपारचं दिलं होतं का रक्त?”

आई कॉटवर बसून भेंडी चिरत होती. “मशीनला कसला ताप,” ती म्हणाली. “चौदा म्हणजे चौदा. नापास.”

ती असंच बोलायची. जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर तिनं चौतीस वर्षं नर्स म्हणून काढली. गावात तिला रत्नाबाई म्हणत आणि थोडं घाबरत. माझ्या लहानपणच्या सगळ्या लशी तिनंच टोचल्या. टोचून झालं की कापूस माझ्या हातात द्यायची आणि “दाबून धर,” म्हणून पुढच्या मुलाकडे वळायची. बाकीच्या आया पोरांना कडेवर घेऊन दंडावर फुंकर घालायच्या, ते मी बाकावर बसून बघत असे. त्यामुळे चौदा वाचल्यावर मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं नाही याचं मात्र वाईट वाटलं.

पण खरा प्रश्न वेगळाच होता. आईच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन अडीच वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यासाठी हातात शस्त्रक्रियेनं करून दिलेली शीर दोनदा बंद पडली होती आणि तिसऱ्यांदा करायला चांगली जागा उरली नव्हती. डॉक्टर म्हणत होते, वर्षभर निघेल, फार तर दीड वर्ष. माझ्या वडिलांना, अण्णांना, मधुमेह. त्यांची किडनी चालणार नव्हती. प्रतीक्षायादीत आईच्या पुढे चारशे माणसं होती. उरले मी. एकुलती एक, बेचाळीस वर्षांची, कोल्हापुरात एका कॉलेजात ग्रंथपाल, लग्न केलेलं नाही, तब्येत ठणठणीत. माझी किडनी द्यायची हे मी ठरवून टाकलं होतं, आणि आईनंही नाही म्हटलं नव्हतं. “बसत असेल तर बसवा,” एवढंच म्हणाली होती.

चौदाला बसत नाही. निदान पन्नास लागतात.

*

डॉ. नसीम मुजावर माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील. रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. अण्णा दवाखान्याच्या पायऱ्या चढून आले, खुर्चीत बसले आणि लगेच उठले. “पाण्याची बाटली गाडीतच राहिली,” म्हणून परत खाली गेले. दवाखान्याच्या वासानं त्यांना गरगरायचं. कुणाचं बोट कापलं तरी ते दुसऱ्या खोलीत जायचे.

“बाई, तुम्ही एवढी बाळंतपणं केलीत,” डॉक्टर आईला म्हणाल्या, “तुम्हाला मी काय समजावून सांगणार.”

“आम्ही आपली नाळ कापायचो,” आई म्हणाली. “आत काय चालतं ते तुम्ही सांगा की.”

त्यांनी सांगितलं. मी पुढे त्यावर बरंच वाचलं, पण त्यांनी एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून सांगितलं त्यापेक्षा सोपं कुठं सापडलं नाही.

आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर काही खुणा असतात. निम्म्या आईकडून आलेल्या, निम्म्या बापाकडून. खुणा परक्या दिसल्या की शरीर त्या पेशींवर तुटून पडतं. म्हणूनच दुसऱ्याची किडनी औषधांशिवाय टिकत नाही. पोटातलं मूल असंच निम्मं परकं असतं, कारण त्याच्या अंगावर बापाच्या खुणा असतात. तरी ते नऊ महिने टिकतं. पूर्वी समजूत अशी होती की नाळेला जोडलेली वार मध्ये आडोसा धरते आणि आईच्या शरीराला मुलाचा पत्ताच लागत नाही. पण पत्ता लागतो. मुलाच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात, आईचं शरीर बापाच्या खुणा बरोबर ओळखतं, आणि ओळखल्यानंतर तिच्या रक्तात एका खास जातीच्या पेशी वाढायला लागतात. हल्ला करायला निघालेल्या बाकीच्या पेशींना थोपवून धरायचं, हेच त्यांचं काम. डॉक्टर त्यांना आवरणाऱ्या पेशी म्हणत होत्या. बाळंतपण झाल्यावरही त्यातल्या थोड्या मागे राहतात, अगदी म्हातारपणापर्यंत. त्या रक्तातून वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवल्या आणि परत शरीरात सोडल्या, तर आईला मुलाची किडनी अगदी थोड्या औषधांवर चालते. मिरजेत अशा एकोणीस जणी हिंडत-फिरत होत्या.

“पण त्याच रक्तात उलटी आठवणही असू शकते,” डॉक्टर म्हणाल्या. “प्रतिपिंडं. बापाच्या खुणा दिसल्या की मारा, असं शिकून बसलेली. आकडा म्हणजे आवरणाऱ्यांतून ही वजा. बाईंच्या आवरणाऱ्या पेशी चांगल्या आहेत, खरं तर उत्तम आहेत. पण प्रतिपिंडं इतकी आहेत की त्यांचं काही चालत नाही. एवढी नुसत्या बाळंतपणानं सहसा होत नाहीत.” त्यांनी पेन उचललं. “कधी रक्त चढवलं होतं का?”

“हिच्या वेळेला,” आई म्हणाली. “फार गेलं होतं.”

“कुणाचं चढवलं?”

“पेढीतलं.”

मी आईकडे बघितलं. टेबलाखाली तिनं चपलेसकट पाय माझ्या पायावर ठेवला आणि दाबला.

पेढीतलं नव्हतं. ते रक्त कुणाचं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. दर बारा एप्रिलला, माझ्या वाढदिवसाला, अण्णा ती गोष्ट सांगायचे. जतचा छोटा दवाखाना. दुपारचे दोन. मी झाले, पण आईचं रक्त थांबेना. मिरजेची पेढी ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गट जुळणारं कुणी आहे का. अण्णांचा गट तोच. रक्त बघून चक्कर येणारा माणूस बाकावर आडवा झाला आणि म्हणाला, काढा. एक बाटली भरली. उठून लिंबू सरबत प्याले आणि दारापर्यंत जाऊन पडले. कपाळाला तीन टाके. पण तासाभरानं आत गेले तेव्हा आईचे कागदासारखे पांढरे पडलेले ओठ जरासे रंगले होते. “ते माझं रक्त होतं,” असं ते इथं थांबून म्हणायचे. मग खिरीची वाटी पुढे ओढायचे.

अण्णा पाण्याची बाटली घेऊन वर आले तोवर डॉक्टरांनी फॉर्मवर ‘रक्तपेढी’ असं लिहिलं होतं.

“काय म्हणतात?” त्यांनी आईला विचारलं.

“बघू म्हणतात,” आई म्हणाली.

*

घरी आल्यावर अण्णा भाजी आणायला गेले, तेव्हा मी विचारलं.

आईनं आधी पायावर पाणी घेतलं, तोंड पुसलं, मग बसली. “तू सातवीत होतीस,” ती म्हणाली. “सांगलीला आमचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. तिसऱ्या दिवशी रक्ताचा विषय. एक तरुण डॉक्टर आला होता, त्यानं फळ्यावर लिहिलं, बायकोला नवऱ्याचं रक्त शक्यतो देऊ नये. पोटात मूल राहिल्यावर बाईचं शरीर नवऱ्याच्या खुणा ओळखायला शिकलेलं असतं. त्यावर त्याचंच रक्त बाटलीभर आत गेलं तर ओळखीचं वैर होऊ शकतं. पुढं कधी त्याचा किंवा मुलाचा अवयव घ्यायची वेळ आली तर अडचण. आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. माझ्या शेजारची म्हणाली, आपल्याला कशाला कोण अवयव देतंय.”

“आणि तू घरी येऊन काही बोलली नाहीस.”

“काय बोलायचं? जतला त्या दिवशी दुसरं रक्त नव्हतंच. त्यांनी दिलं म्हणून मी उठले. आणि पुढचं कुणाला माहीत होतं.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून एकटीच डॉ. मुजावरांकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

“परक्याचं रक्त असतं तर प्रतिपिंडं दहा दिशांना तोंड करून असती,” त्या म्हणाल्या. “ही सगळी एकाच माणसाकडे बोट दाखवतात. आणि एका अर्थानं हे बरं आहे. शत्रू एकच असला तर गाळणी करता येते.”

गाळणी म्हणजे अण्णांच्या रक्तातून त्यांच्या खुणा काढून त्या बारीक मण्यांवर चिकटवायच्या आणि आईचं रक्त त्या मण्यांमधून फिरवायचं. अण्णांच्या विरोधातली प्रतिपिंडं मण्यांना धरून बसतात, बाकी रक्त तसंच्या तसं परत जातं. मग त्याच खुणा दाखवून आवरणाऱ्या पेशी वाढवायच्या. माझ्या अंगावरही त्या खुणा होत्या, पण किडनी देणाऱ्या माणसाकडून एवढं रक्त घेता येत नाही. सहा आठवड्यांत तीन वेळा, थोडं थोडं, अण्णांनीच द्यायला हवं होतं. अण्णा बहात्तर वर्षांचे. त्या वयात रक्त घ्यायचं तर कारण समजावून, चार पानांच्या संमतीपत्रावर त्यांची सही हवी.

“कारण न लिहिता नाही का जमणार?” मी विचारलं.

“नाही. आणि जमत असतं तरी मी केलं नसतं.”

संध्याकाळी मी हे आईला सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग नको.”

“नको म्हणजे?”

“डायलिसिस चाललंय ते चालू दे. वर्षभर आहे ना? पुष्कळ झालं.”

“आई, एका गोष्टीसाठी? वर्षातून एकदा सांगायच्या?”

“त्यांच्याकडे दुसरी आहे का?”

अण्णांनी सांगलीच्या एका दैनिकात अडतीस वर्षं मुद्रितशोधकाचं काम केलं. इतरांनी लिहायचं आणि ह्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. त्यांचं नाव कधी कुठं छापून आलं नाही. घरातले निर्णय आई घेई, पैशाचं आई बघे, माझ्या शाळेत आई जाई. सायकल शिकताना पडले ते मोटारसायकलच्या वाटेला गेले नाहीत. त्या एका दुपारी मात्र ते बाकावर आडवे झाले होते.

“तू त्यांना सांगणार नाहीस,” आई म्हणाली. “शपथबिपथ नको. नुसतं हो म्हण.”

मी हो म्हटलं. मग, तिनं विचारलं नसतानाही, माझ्या तोंडून गेलं, “माझी किडनी तुला नकोच असेल तर तसं सांग.”

“चौदा तुझ्या चांगलाच डोक्यात बसलेला दिसतो,” ती म्हणाली आणि औषधाच्या गोळ्या मोजायला लागली.

*

शनिवारी सकाळी आई डायलिसिसला असताना मी ते संमतीपत्र अण्णांच्या टेबलावर ठेवलं. “डॉक्टरांनी दिलंय. तुमचं थोडं रक्त लागणार आहे, सही करायची आहे,” इतकंच म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. तोंडानं मी काही सांगितलं नाही, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला समजावत होते. पण अण्णांच्या पुढे छापील कागद ठेवणं म्हणजे सांगणंच होतं. विजेच्या बिलाच्या मागची बाजूही ते पेन्सिल घेऊन वाचायचे.

“कुणी लिहिलंय हे?” पहिल्या पानावरच त्यांचा आवाज आला. “एका वाक्यात तीन वेळा ‘सदर’.”

मी कणीक मळत होते. पेन्सिलचा आवाज येत होता. दुसरं पान उलटलं. तिसरं उलटलं. मग आवाज थांबला.

मी हात धुऊन बाहेर आले. अण्णा कारणाखालच्या एका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. छापखान्यात वाचत तसं, एकेक शब्द सुटा करून. ओळीच्या शेवटाला जाऊन बोट पुन्हा सुरुवातीला आलं.

“या ओळीत चूक नाही,” ते म्हणाले.

मी समोरच्या खुर्चीत बसले.

“हे तिला माहीत आहे?”

“हो.”

“मुजावरबाईंनी सांगितलं?”

“नाही. मी सातवीत असताना तिचं एक प्रशिक्षण झालं होतं, तेव्हापासून.”

त्यांनी मनात वजाबाकी केली. ओठ हलले. “तीस वर्षं,” ते म्हणाले. “म्हणजे मी तिच्यासमोर तीस वेळा...”

“अण्णा, त्या दिवशी तुम्ही रक्त दिलं नसतं तर...”

“ते मला ठाऊक आहे. ते नको सांगूस.”

बाहेर कांचनमावशी कुणाला तरी पाण्याच्या टाकीवरून बोलत होत्या. अण्णा ऐकत असल्यासारखे बसून राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. चुकीचा मजकूर छापून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर हातात घेऊन ते जसे बसायचे, तसे बसले होते.

“किती वेळा काढणार?”

“तीनदा. थोडं थोडं.”

“आडवं झोपवतात ना?”

“झोपवतात.”

त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि प्रत्येक पानावर सही केली. मग कागद नीट जुळवून माझ्याकडे सरकवले.

“तिला सांग, न वाचताच सही केली.”

“ती विश्वास ठेवणार नाही.”

“चष्मा सापडत नव्हता म्हण.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

*

आईचं डायलिसिस संपायला अर्धा तास होता. मी तिच्या कॉटशेजारच्या स्टुलावर बसले आणि सांगितलं की अण्णांनी सही केली, बुधवारपासून सुरू करता येईल.

यंत्राच्या नळीतून तिचं रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं.

“तू हो म्हटलं होतंस,” ती म्हणाली.

“मी काही सांगितलं नाही. फॉर्म दिला.”

“आणि त्यांनी वाचला.”

“नाही. न वाचता सही केली. चष्मा सापडत नव्हता.”

“तुझ्या अण्णांनी. न वाचता.”

“हो.”

मला वाटलं आता ती रागावेल, सुया काढायला सांगेल, घरी जाऊ म्हणेल. तिच्या गालाच्या कडेला काहीतरी हललं. “तुम्हा दोघांना धड खोटंसुद्धा बोलता येत नाही,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं एका घरात राहून काय शिकलात कोण जाणे.”

मग मान पलीकडे वळवली आणि नर्सला हाक मारून विचारलं, बुधवारी किती वाजता यायचं.

बुधवारी अण्णा आडवे झाले, डोळे मिटले आणि मला शेवटपर्यंत बोलत राहायला सांगितलं. मी त्यांना संमतीपत्राच्या चौथ्या पानावरच्या चुका विचारल्या. पिशवी भरेपर्यंत पुरल्या. दुसऱ्या वेळेला ते आपणहून बाही वर करून बसले. आईचं रक्त त्या मण्यांमधून आठ वेळा फिरवलं. तिच्या रक्तातून बेचाळीस वर्षांपूर्वीच्या आवरणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या, अण्णांच्या खुणा दाखवून वाढवल्या आणि लहानशा पिशवीतून परत दिल्या. डॉ. मुजावरांनी मला भिंगाखाली दाखवल्या. काही वेगळं दिसलं नाही. गोल, फिकट, एकमेकींसारख्या. माझ्या वेळेला तयार झालेल्यांची ती पिल्लावळ, एवढं ठाऊक होतं म्हणून मी जरा जास्त वेळ बघितलं.

नवा आकडा अठ्ठावन्न आला. प्रत्यारोपणाच्या समितीनं परवानगी दिली.

“बघ, मी म्हटलं नव्हतं, मशीन तापलं होतं म्हणून,” कांचनमावशी म्हणाल्या.

पुढच्या वर्षी सरकारनं रिपोर्टवर आकडा छापायला बंदी केली. आता नुसतं ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ येतं. लोकांचा विषय बदलला.

*

माझी किडनी आईला सहा वर्षं चालली.

त्यातला पहिला बारा एप्रिल मला नीट आठवतो. दिवस मावळायच्या आत जेवायची आमच्या घरची पद्धत, त्यामुळे साडेपाचलाच पानं घेतली होती. खीर वाढून झाली. अण्णा खाली मान घालून खात राहिले. खीर संपत आली.

“काय हो,” आई म्हणाली, “आज काही सांगायचं नाही का?”

“काय सांगायचं.”

“जतचं.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी वाटीत बघितलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आवाज आधी जेमतेम ऐकू येत होता. दवाखाना सांगितला, दुपार सांगितली, बाटली भरल्याचं सांगितलं आणि घाईनं शेवटाकडे निघाले.

“सरबताचं राहिलं,” आई म्हणाली. “आणि पडलात ते.”

ते मागे गेले. सरबत सांगितलं, दार सांगितलं, तीन टाके सांगितले. आईच्या रंगलेल्या ओठांपाशी येऊन थांबले आणि पुढचं वाक्य काही बोलले नाहीत. आईनं त्यांच्या वाटीत आणखी एक पळी खीर वाढली. पुढे दर वर्षी ती असंच आठवण करून द्यायची आणि ते सांगायचे. ते एक वाक्य तेवढं कायमचं गळलं. मला वाटायचं, आई कधीतरी विषय काढेल, किंवा अण्णा काढतील. दोघांनीही काढला नाही. ते त्यांच्यात बोलले असतील का, हेही मला कळलं नाही, कारण मी शनिवार-रविवारची पाहुणी.

आई गेल्या महिन्यात गेली. न्यूमोनिया झाला, चार दिवसांत आटोपलं. किडनीचं काही नव्हतं. ती शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम चालत होती, असं मुजावरबाई मला दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा का म्हणाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी “हो” म्हटलं.

माणसं पांगली. कांचनमावशींनी आणलेला डबा मी गरम केला. पाच वाजून गेले होते. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत, पाटावर बसता येत नाही म्हणून टेबलावर जेवतात. मी ताट पुढे ठेवलं, तरी हात घालेनात.

“एक विचारू?” ते म्हणाले.

“विचारा की.”

“मी तो कागद वाचून सही केली होती, हे तिला कळलं होतं का?”

आईला मी दिलेला शब्द एकदा मोडलेला होता. ती असती तर ‘नाही’ म्हण असं तिनं मला डोळ्यानं सांगितलं असतं, असं मला वाटलं. आणि लगेच वाटलं, की नसतंही सांगितलं.

“कळलं होतं,” मी म्हणाले. “त्याच दिवशी. मी चष्म्याचं सांगितलं तेव्हाच.”

अण्णांनी मान हलवली. पण ती ‘हो’ची होती की नुसतीच, ते समजलं नाही.

“मग दर वर्षी सांगायला का लावायची मला?”

“तिला ती गोष्ट आवडायची, अण्णा.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. “चष्म्याचं ऐकून ती काय म्हणाली?”

मी सांगितलं. त्या दोन वाक्यांवर ते हसले. तोंड न उघडता, नाकातून, पूर्वी पेपरात एखादी मजेदार चूक सापडली की हसायचे तसं. गेल्या कित्येक दिवसांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मग त्यांनी तुकडा ताटात ठेवला.

“परत सांग,” ते म्हणाले. “शब्द जसेच्या तसे.”

मी सांगितले.